पाण्याला आलेली बाई

"ही मूर्ती कोणा एका बाईची नाही," लीलाधर मास्तर म्हणाले आणि हातातली मिटलेली छत्री त्यांनी मूर्तीच्या घागरीकडे उचलली. "आपल्या खान्देशात जी जी बाई पाण्याला गेली, ती ती इथे उभी आहे."

फेरीला आलेली पंचवीस-तीस माणसे मान वर करून पाहू लागली. मेहरूण तलावाच्या काठाने दर रविवारी सकाळी निघणारी ही फेरी मास्तरांनी निवृत्तीनंतर आपल्या हौसेने चालवली होती. जुन्या पायऱ्यांपासून निघायचे, बंद पडलेले पंपघर पाहायचे, शाळेच्या मुलींनी फरशीच्या तुकड्यांतून भिंतीवर रचलेली केळीची बाग पाहायची, मग सिमेंटची हरणे, सिमेंटचा बगळा आणि सर्वांत शेवटी ही घागरवाली. माणसे बायकामुलांसह येत, लेकरांना हरणांच्या पाठीवर बसवीत, बोरांच्या पुड्या सोडीत आणि मास्तरांचे ऐकल्यासारखे करीत. हरणे, बगळा आणि घागरवाली ही एकाच माणसाच्या हातची होती, आणि तो माणूस त्या वेळी गर्दीच्या मागे काखेत कापडी पिशवी धरून उभा होता, हे मास्तरांना ठाऊक नव्हते.

त्याचे नाव तोताराम. धंद्याने तो गवंडी होता आणि पासष्टीला आला होता. शेजारी त्याची मुलगी मंदा होती. ती धुळ्याच्या एका शाळेत शिकवीत असे. "रविवारी ये, एक दाखवायचे आहे," एवढ्याच मजकुराचे कार्ड मिळाल्यावर ती आदल्या संध्याकाळच्या एसटीने आली होती. काय दाखवायचे आहे ते त्याने रात्री सांगितले नाही, सकाळी निघतानाही सांगितले नाही. गर्दी पुढे जाईपर्यंत तोंड उघडायचे नाही, असे त्याने ठरवले होते. मास्तरांचे बोलणे त्याने शेवटपर्यंत ऐकले आणि ते खोडून काढले नाही. खोडून काढता आले असते. मूर्ती एकाच बाईची होती. तिचे नाव धुरपदा, माहेर पहूर, आणि मंदा अकरा महिन्यांची असताना ती तापाने गेली होती.

धुरपदेचा फोटो नव्हता. जामनेरच्या बाजारात फोटो काढणारा बसत असे. एकदा ती त्याच्या पडद्यासमोर स्टुलावर बसलीसुद्धा. पण त्या माणसाने काळ्या कापडाखाली डोके घातलेले पाहताच तिला हसू आले, ते आवरेना, आणि ती हसत हसत उठून गेली. पुढच्या बाजारी काढू, असे ठरले. पुढच्या बाजारी ती अंथरुणावर होती.

त्यानंतर चार वर्षांनी तलावाकाठी बाग करण्यासाठी गावातल्या काही मंडळींनी सुशोभन समिती स्थापन केली आणि मूर्तींचे काम तोतारामकडे आले. हरणे आणि बगळा त्याने महिन्याभरात उभे केले. घागरवालीचे अंग, लुगड्याच्या चुण्या, कमरेवरची घागर, सारे झाले, चेहरा राहिला. त्याने आठ दिवस चेहऱ्याला हात लावला नाही. नवव्या दिवशी पहाटे एकट्याने येऊन, पांढरे सिमेंट आणि संगमरवराची भुकटी कालवून, त्याने धुरपदेचा चेहरा त्या करड्या गोळ्यावर चढवला. डाव्या भुवईचा किंचित वर गेलेला कोपरा त्याने थापीच्या टोकाने काढला आणि हनुवटीवरची तीन गोंदणे खिळ्याने दाबली. दुसऱ्या दिवशी समितीची माणसे आली. चेहरा सुबक झाला आहे, असे म्हणाली आणि मूर्तीला तैलरंग द्यायचे त्यांनी ठरवले. तेव्हापासून दर वर्षी सव्वीस जानेवारीच्या आधी मूर्तीला रंग मिळत आला होता.

मग एवढी वर्षे त्याने मुलीला हे सांगितले का नाही, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे. त्याचे उत्तरही तितकेच रास्त आहे. मूर्ती घडवली तेव्हा पार्वताबाई दुसरी बायको म्हणून त्याच्या घरात येऊन तीन वर्षे झाली होती. मंदाला तिने पोटच्या पोरीसारखे वाढवले. मंदा तिलाच आई म्हणे; जन्म देणारी दुसरी होती, एवढेच तिला माहीत होते. असल्या बाईच्या देखत, आपण पहिलीचा चेहरा भर रस्त्यावर उभा केला आहे, असे सांगणे त्याला कृतघ्नपणाचे वाटले. तो गप्प राहिला. गप्प राहण्याचा हा निर्णय कोणत्याही बाजूने तपासला तरी सभ्यपणाचाच ठरतो, आणि जे नुकसान झाले ते या सभ्यपणामुळेच झाले. मागच्या आषाढात पार्वताबाई गेली. जाण्याआधी दोन दिवस तिने त्याला खाटेजवळ बोलावले आणि म्हणाली, "पोरले तिनी माय दखाडा." तिला सारे ठाऊक होते. केव्हापासून, हे विचारायला त्याला धीर झाला नाही.

मास्तरांचा आवाज बांधाच्या वळणापलीकडे गेला. मूर्तीपाशी दोघेच राहिली. थोड्या अंतरावर निंबाखाली रंगाचे डबे आणि शिडी मांडून पितांबर रंगारी विडी ओढत बसला होता. यंदाचे काम त्याने हरणांपासून सुरू केले होते.

"मंदा," तोताराम म्हणाला, "हाई तुनी माय शे."

मंदाने त्याच्याकडे पाहिले. आई गेल्यापासून नानांचे बोलणे मधूनच तुटते, हे तिने पाहिलेले होते. तिने हलक्या आवाजात विचारले, "कोण, नाना?"

"धुरपदा. तुले जनम देणारी. मीच करेल शे."

मंदा चौथऱ्यावर चढली. तिला काय दिसले ते सांगितले पाहिजे. तिला एक साईच्या रंगाची गुळगुळीत गोलाई दिसली. तिच्या मधोमध नाकाचा उंचवटा होता. डोळे काळ्या रंगाने, ओठ लाल रंगाने काढलेले होते. जत्रेतल्या बाहुलीला असतो त्याहून अधिक चेहरा त्या मूर्तीला नव्हता. तरीही ती पाहत राहिली, जवळून, मग थोडे मागे सरून, मग एका बाजूने. उन्हात रंग चकाकत होता.

"हनुवटीवर देख," तो खालून म्हणाला. "तीन गोंदणं शेतस."

मंदाने हनुवटीवरून बोट फिरवले. मग पुन्हा, सावकाश, आंधळ्या माणसाने फिरवावे तसे. "काही लागत नाही, नाना," ती म्हणाली.

त्याचीही त्याने तयारी केली होती. पिशवीतून त्याने टर्पेंटाइनची बाटली, फडके आणि रंग खरवडायची पातळ पात्याची पट्टी काढली. समितीची परवानगी मागितली असती तर बैठक भरली असती, आणि बैठकीत कारण सांगावे लागले असते. तो मुलीशेजारी चढून उभा राहिला. घाई त्याने केली नाही. चुकले तरी दिसू नये म्हणून डाव्या कानाखालची जागा निवडली, फडक्याने ती भिजवली, पुरेसा वेळ जाऊ दिला आणि मग पट्टीचे पाते रंगाखाली सरकवले.

पापुद्रा सहज उचलला गेला. इतका सहज, की त्याचा हात थबकला. भाकरीच्या पदराएवढा जाड, नखाएवढा तुकडा त्याच्या तळहातावर आला. कडेने पाहिले तर त्यात रंगांच्या बारीक रेघा एकावर एक बसलेल्या होत्या: साई, फिका निळा, पुन्हा साई, एका वर्षीचा गुलाबी. जिथून तो निघाला तिथे पांढरे दिसायला हवे होते. तिथे करडे दिसत होते. तोतारामने तळहातावरचा तुकडा उलटा केला. पांढरे सिमेंट त्या तुकड्याच्या पाठीला चिकटून आले होते.

हे समजायला दुसऱ्या कोणाला वेळ लागला असता. गवंड्याला लागला नाही. वाळलेल्या सिमेंटवर नवे सिमेंट धरत नाही, ही गोष्ट तो आयुष्यभर हाताखालच्या माणसांना शिकवत आला होता. आठ दिवस त्याने चेहरा केला नाही. त्या आठ दिवसांत खालचा गोळा वाळला. नवव्या दिवशी, चेहऱ्याच्या ध्यासात, तो स्वतःच ही गोष्ट विसरला, आणि त्याने चढवलेले पांढरे कवच त्या गोळ्याने कधी धरलेच नाही. ते आजवर टिकले, ते बाहेरून रंगाने आवळून ठेवले म्हणून. रंग काढला तर रंगाबरोबर चेहरा येणार. रंग ठेवला तर आत चेहरा आहे, पण तो कोणाला दिसणार नाही. यात तिसरी वाट असेल म्हणून त्याने पुष्कळ विचार केला. नव्हती.

तो चौथऱ्याच्या कडेवर बसला. तुकडा त्याने मुलीच्या हातात दिला आणि जे समजले ते तिला थोडक्यात सांगितले.

निंबाखालून पितांबर उठून आला. त्याने कानाखालचा करडा डाग पाहिला, पट्टी पाहिली, आणि विडी विझवून कानावर ठेवली.

"या वयमा पराई बाईना कान धरतस का, नाना?"

कोणी हसले नाही. पितांबरला ते जाणवले आणि तो मंदाकडे वळला. मास्तरीणबाई केव्हा आल्या, धुळ्याकडे थंडी कशी आहे, असे काहीबाही विचारू लागला. मंदाने त्याला उत्तरे दिली. मग तिने हातातला तुकडा त्याच्यापुढे धरला आणि विचारले, "इतका जाड कसा झाला हो, पितांबरकाका? वर्षाला रंगाचा एकच हात देता ना?"

"आंगले एक," पितांबर म्हणाला. त्याच्या स्वरात आपल्या कामाचा अभिमान होता. "तोंडले दोन. एक साल चुकेल नही. पार्वताअक्कानी सांगेल व्हतं."

तोतारामने मान वर केली.

पितांबरने मग सारे सांगितले. पहिल्याच वर्षी, तो शिडीवर असताना, पार्वताअक्का चार-पाच वर्षांच्या मंदाचा हात धरून आली होती. बराच वेळ मूर्तीकडे पाहत उभी राहिली. मग त्याला म्हणाली होती, "भाऊ, हिना तोंडनी काळजी ले. ऊनपाणी लागू देऊ नको." का, ते तिने सांगितले नाही आणि त्याने विचारले नाही. एखादा नवस असेल, असे त्याने मनाशी धरले. पुढे दर संक्रांतीला तिळगूळ देताना ती तेवढी एक आठवण करून देत असे. तो सरळ माणूस होता. एखाद्या वस्तूची काळजी घेण्याचा एकच मार्ग त्याला येत होता, आणि त्याने तो सव्वीस वर्षे इमानाने पाळला होता.

 बांधापलीकडे कोणाचे तरी लेकरू बोरांसाठी रडत होते.

"नाना," मंदाने विचारले, "कशी दिसायची ती?"

तोताराम सांगू लागला. उंची मंदाएवढी. वर्ण गव्हाळ. भुवई एका बाजूला वर. हनुवटीवर तीन ठिपके. हसताना हात तोंडावर नेत असे. इतके सांगून तो थांबला. त्याने डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे आली ती साईच्या रंगाची गोलाई, काळ्या रंगाचे डोळे, लाल ओठ. त्याने पुन्हा प्रयत्न केला. ज्या पहाटे चेहरा सिमेंटमध्ये उतरवला त्या पहाटेपासून तो आठवून ठेवण्याचे काम त्याने सोडून दिले होते. तलावाकाठी तो सुरक्षित आहे, अशा भरवशावर तो राहिला होता. भुवई वर होती हे त्याला माहीत होते. ती भुवई मात्र त्याला दिसत नव्हती.

"तशीच," तो शेवटी म्हणाला. "तशीच व्हती."

 मंदाला जे कळायचे ते कळले असावे. तळहातावरचा तुकडा तिने एकदा त्याच्या जागी लावून पाहिला. तो तिथे नीट बसला, पण हात काढताच खाली आला. मग तिने तो रुमालात बांधला.

"डाग दिसी," पितांबर ओशाळून म्हणाला. "मी लांबी भरी देस तठे. कोणले समजाव नही."

"भरा," मंदा म्हणाली. "आणि तोंडाला दोन हात द्या, काका. आईने सांगितलं होतं ना."

पितांबरने खड्ड्यात लांबीचा ओला लगदा दाबला, बोटाने सारखा केला आणि डब्यातला रंग काडीने ढवळला. शिडीवर चढल्यावर डबा धरायला माणूस लागतो. तोताराम उठला आणि त्याने डबा धरला. गवंडी म्हणून त्याने असे डबे कधी धरले नव्हते. कपाळ झाले, गाल झाले, हनुवटी झाली. पितांबरचा हात कुठे अडखळत नव्हता. दुसरा हात पहिला वाळल्यावर उद्या देईन, असे सांगून तो शिडी घेऊन बगळ्याकडे गेला.

मंदाची गाडी दुपारची होती. निघायला हवे, असे ती एकदा म्हणाली. वाऱ्याबरोबर कुठूनसा कापसाचा एक धागा उडत आला आणि मूर्तीच्या ओल्या गालावर चिकटला. तो काढण्यासाठी तोतारामने हात वर नेला. गालापासून बोटभर अंतरावर तो थांबला. ओल्या रंगाला हात लावायचा नसतो. हात तसाच वर धरून तो थोडा वेळ उभा राहिला, आणि मग त्याने तो खाली घेतला.