मामांचा पांढरा

मामांच्या स्टुडिओत एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होता. फोटो कुणीही काढो, रंगाचा शेवटचा हात मामांचा. त्या हाताशिवाय एकही फोटो दाराबाहेर जायचा नाही, अगदी ओळखपत्रावर चिकटवायचा अंगठ्याएवढा फोटोसुद्धा.

बारकी ही त्यांची भाची. तिशी उलटली होती, उंचीने मामांच्या वर गेली होती, तरी नाव बारकीच राहिलं. शिकायला म्हणून आली आणि इथलीच झाली. आता फोटो काढायची ती आणि रंग करायचे मामा. रंगातही आपण मामांच्या तोडीस तोड आहोत हे तिला पक्कं माहीत होतं. विनय हा गुण तिच्या वाट्याला जरा कमीच आला होता, आणि खरं सांगायचं तर तिचं त्यावाचून काही अडतही नव्हतं.

जुन्या लेन्सचं वेड तिला मामांनीच लावलं होतं. नव्या कॅमेऱ्याला मध्ये एक पितळी कडं लावून ती त्यावर मामांच्या तरुणपणातली लेन्स बसवायची. त्या लेन्समधून चेहरे मऊ उतरायचे, कडा जरा विरघळायच्या आणि सगळ्यावर एक पिवळसर ऊब यायची. गिऱ्हाइकं त्याच उबेसाठी येत. पण ती ऊब कच्ची ठेवली तर माणूस आजारी दिसतो. म्हणून प्रत्येक बैठकीला, माणूस खुर्चीत बसण्याआधी, त्याच उजेडात एका पांढऱ्या कपाचा फोटो काढायचा, अशी स्टुडिओची रीत होती. मग मामा संगणकावर तो कप उघडायचे आणि तो पांढरा होईपर्यंत त्यात निळा घालायचे. कपाला जितका निळा लागला तितकाच चेहऱ्यांना. वर त्यांच्या मर्जीने चिमूटभर पिवळा परत. संगणकात एका टिचकीत पांढरा ठरवून देणारी सोय होती, पण मामा तिच्याकडे ढुंकून बघायचे नाहीत.

"त्या डबड्याला काय माहीत पांढरा म्हणजे काय?" ते म्हणायचे. "पांढरा मला पाठ आहे."

आणि तो खरंच पाठ होता. वर्षानुवर्षं लोक लांबून यायचे ते मामांच्या रंगासाठी.

बिघडलं ते गेल्या वर्षभरात. फोटो निळे यायला लागले. आधी किंचित, मग डोळ्यांवर येण्याइतके. पहिली तक्रार घरातूनच आली. मामांनी मामीचा एक मोठा फोटो करून दुकानाच्या काचेत लावला होता. मामी रोज सकाळी शटर उघडताना त्याच्याकडे बघायची आणि रोज म्हणायची, "रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून आत्ताच बाहेर काढल्यासारखी दिसते मी."

"तुला रंगातलं काय कळतंय?" मामा म्हणायचे.

"रंगातलं नाही कळत. पण माझं थोबाड मला ओळखू येतं हो."

बारकीनेही दोनतीनदा विषय काढला. मामांचं उत्तर तयार असायचं. "लेन्स पिकलीये. या काचेचा स्वभावच तसा, वय झालं की पिवळी पडते. पिवळा वाढला की निळाही वाढवावा लागतो, आणि तो चेहऱ्यावर चढतो." यात खोटं काही नव्हतं. लेन्स पिवळी पडली होती, हातात धरून खिडकीकडे बघितलं की कोऱ्या चहासारखी दिसायची. त्यामुळे बारकी गप्प बसायची, आणि गप्प बसणं तिच्या प्रकृतीला मानवत नसे.

अशात इस्पितळाचं काम आलं. तिथल्या सगळ्या परिचारिकांचे फोटो काढून लांबच लांब मार्गिकेत लावायचे होते. असं काम स्टुडिओकडे आजवर आलं नव्हतं. नमुन्याचे फोटो बारकीने काढले, मामांनी शेवटचा हात मारला आणि परिचारिकांच्या प्रमुख मेट्रनबाई ते बघायला स्वतः आल्या. बाईंच्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती. त्यांनी फोटो टेबलावर एका ओळीत मांडले, चष्मा लावला, चष्मा काढला.

"आमच्या मुली पेशंट दिसतायत," त्या म्हणाल्या. "आणि गणवेश निळा कधी झाला आमचा?"

मामा लेन्सचं सांगू लागले. बाईंनी हात वर केला. "लेन्सचं तुम्ही बघा. पंधरा दिवसांनी परत येते. तेव्हा पांढरं पांढरं दिसलं नाही, तर मला दुसरीकडे जावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट कसं वाटणार नाही? मामांच्या पांढऱ्याला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. बारकीला त्यांची दया आली आणि त्याच वेळी इतके दिवस गप्प बसल्याबद्दल स्वतःचा संतापही आला, कारण हेच काम आपल्या हातून कसं उतरलं असतं ते तिला डोळ्यांपुढे दिसत होतं.

"लेन्स पिकली असेल तर उतरवूया तिचा पिवळा," ती म्हणाली. अशा काचेला ऊन लावलं की ती निवळते, हेही मामांनीच तिला कधीतरी सांगितलं होतं. तिने खिडकीत चकचकीत कागद अंथरला, वर लेन्स ठेवली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हामागे सरकवत राहिली. मामी जाता-येता म्हणायची, "बाळाला कोवळं ऊन देतात, ही थेरडीला देतेय." आठवडा सरत आला तेव्हा लेन्स पाण्यासारखी नितळ झाली होती.

बारकीने तिच्यातून कपाचा फोटो काढला आणि मामांना हाक मारली. मामा आपल्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसत नसे, बारकी शेजारच्या स्टुलावर. मामांनी पडद्याकडे बघितलं आणि सवयीने निळा वाढवायला घेतला.

"मामा, लेन्स साफ झालीये."

"कुठे साफ झालीये? कप पिवळाच आहे."

बारकीला तो लख्ख पांढरा दिसत होता. तिने खरा कप आणून पडद्याशेजारी ठेवला.

मामा हसले. "बघ! कपच पिवळा पडलाय. इतकी वर्षं त्यातून चहा पितो आपण, डाग धरणारच."

मामी आतून नवा कप घेऊन आली, खोक्यातून काढलेला, तळाला चिठ्ठी तशीच चिकटलेली. मामांनी तो दिव्याखाली फिरवून बघितला. "हाही पिवळट. हल्ली मालच धड येत नाही."

मग दिवा पिवळा ठरला. दिवा बंद करून खिडकी उघडली, तर पडदा जुना ठरला. पडद्यावरून मामा भिंतीवर आले. भिंत गेल्याच महिन्यात रंगवली होती, आणि रंगाऱ्याने पांढऱ्याच्या नावाखाली भलताच रंग फासला असं त्यांचं म्हणणं पडलं.

"अहो," मामी म्हणाली, "लेन्स पिवळी, कप पिवळा, दिवा पिवळा, भिंत पिवळी. या घरात पांढरे ते तुम्ही एकटेच राहिलात का?"

एरवी मामांनी चोख उत्तर दिलं असतं. पण ते थांबले. नवा कप त्यांच्या हातातच होता. ते आयुष्यभर जसं कॅमेऱ्यातून बघत आले, तसा त्यांनी डावा डोळा मिटला आणि उजव्याने कपाकडे बघितलं. मग उजवा मिटून डाव्याने बघितलं. पुन्हा उजव्याने. कप खाली ठेवला.

"डाव्याने बराच पांढरा दिसतो," ते म्हणाले. "उजव्याने पार पिवळा."

मामीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हणजे पिकलेली लेन्स मी डोळ्यात घेऊन हिंडतोय," मामा म्हणाले आणि स्वतःच हसले. पण हसू फार टिकलं नाही. "बारके, वर्षभराचे सगळे फोटो?"

"सगळे," बारकी म्हणाली. त्यांना फसवणं तिच्याने झालं नसतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, साधं काम आहे म्हणाले आणि उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख दिली. ती तारीख नेमकी मेट्रनबाईंच्या वायद्याच्या पलीकडे.

"बाईंना थांबायला सांग," मामा म्हणाले. "डोळा झाला की मी करतो."

"त्या थांबणार नाहीत. मी करते."

"माझ्या हाताशिवाय?"

"तुमच्या हाताशिवाय. आणि चांगलं करीन."

मामी भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. मामांनी भाचीकडे बघितलं, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने. "कर," ते म्हणाले. "पण नव्या डोळ्याने बघणार आहे मी. पटलं नाही तर सगळे उतरवून पुन्हा करायचे."

"चालेल," बारकी म्हणाली. हरण्याचा तिचा विचारच नव्हता.

तरी त्या आठवड्यात परिचारिकांचे फोटो नव्याने काढताना तिला घाम फुटला. लेन्स साफ झाली होती आणि तिच्याबरोबर ती जुनी ऊबही गेली होती. कप पांढरा येत होता, चेहरे स्वच्छ येत होते, आणि फोटो कुठल्याही दुकानातल्यासारखे दिसत होते. पिवळा आता तिला स्वतःच घालावा लागणार होता. तिने तो सरसकट चढवून बघितला, तर गणवेश कळकट दिसू लागले. मग तिने पांढरं तेवढं बाजूला राखलं आणि पिवळा फक्त सावल्यांत सोडला: हनुवटीखाली, केसांच्या कडेला, कानामागे. गालांवर अगदी हलका तांबूस. दहा वेळा घातला, दहा वेळा पुसला. मामांची खुर्ची शेजारी रिकामी होती, ती स्टुलावरच बसून राहिली. शेवटी एका फोटोतली परिचारिका अशी दिसली की आत्ता उठून कामाला जाईल. बारकीने तोच नमुना धरून बाकीचे केले.

मेट्रनबाईंनी फोटो बघितले, चष्मा लावला, काढला, आणि एवढंच म्हणाल्या, "खिळे कोण ठोकणार?"

मामांचा डोळा त्याच इस्पितळात झाला. पट्टी काढायच्या दिवशी बारकी त्यांना घेऊन गेली. पट्टी निघाली, डॉक्टरांनी बघितलं, औषधं दिली. दोघं बाहेर आली आणि मामा खिडकीपाशी अडकले.

"आभाळ एवढं निळं होतं?"

"होतंच की."

"आणि मी वरून आणखी घालत होतो," मामा म्हणाले, आणि मान हलवत राहिले.

मार्गिकेच्या वळणावर फोटो होते. बारकीने मुद्दाम सांगितलं नव्हतं. मामा पहिल्या फोटोपाशी थांबले, मग दुसऱ्यापाशी. जवळ गेले, लांब गेले, गणवेशाच्या कॉलरकडे बघितलं, मग हनुवटीखाली. आत्मविश्वासाचं काय, तो चारचौघांसमोर टिकतो. ज्याने हातात कॅमेरा दिला त्याच्यासमोर त्याची कसोटी लागते.

"कुठल्या लेन्सवर?"

"जुनीच."

"ती तर नितळ झालीये. मग हा पिवळा?"

"मी घातलाय."

मामा पुन्हा कॉलरकडे वळले. "गणवेशाला लागला नाही कुठेच," ते स्वतःशी म्हणाले. "लेन्सला हे कधी जमलं नाही. ती सगळ्यांवर सारखाच ओतायची." मग जरा वेळाने म्हणाले, "मलाही नाही जमलं."

दुकानाशी आल्यावर ते काचेसमोर उभे राहिले. आत मामीचा फोटो होता.

"अरे देवा," मामा म्हणाले. "ही इतकी निळी?"

"वर्षभर तेच सांगतेय," मामी गल्ल्यामागून म्हणाली.

मामांनी स्वतः काचेतला फोटो उतरवला, कडेला लागलेली धूळ बाहीने पुसली आणि तो टेबलावर ठेवला. बारकीने नेहमीसारखं स्टूल ओढलं. पण मामांनी ते तिच्या हातून घेतलं, खुर्चीच्या शेजारी ठेवलं आणि त्यावर स्वतः बसले.

"हिचा कर," ते म्हणाले. "मी फक्त बघतो."

बारकी उभीच राहिली. तिचे डोळे भरून आले आणि ते लपवायची तिला सवय नव्हती.

"बस आता," मामी म्हणाली. "आणि आधी कप उघड."