घाणेरडा स्पंज

आमच्या सासूबाईंना स्वच्छतेचं वेड आहे. वेड हा शब्द मी जपून वापरतेय. त्यांना साबणाची वडी धुताना मी या डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे नणंद राहायला येणार म्हटल्यावर, मी कामावर असताना त्यांनी बाबांच्या खोलीतली माशाची टाकी घासायला घेतली, यात नवल नव्हतं. सगळं पाणी ओतून दिलं, खडे कढत पाण्यातून काढले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून नव्यासारखा केला.

बाबा म्हणजे माझे सासरे. अर्धांगाचा झटका आल्यापासून अंथरुणाला खिळलेत, वाचाही गेलीय. पलंगाशेजारच्या टाकीत एकच जाडजूड सोनेरी मासा आहे, पैलवान. दिवसभर तो जिकडे वळेल तिकडे बाबांचे डोळे वळतात.

दोन-तीन दिवसांत पाणी दुधाळ झालं. पैलवान वर येऊन तोंडाने हवा ओढायला लागला आणि बाबांनी जेवण सोडलं. चमचा तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटायचे, दूध तेवढं कसंबसं घोटभर जायचं. मला धडकीच भरली.

मी दातांच्या दवाखान्यात काम करते. तिथल्या मोठ्या टाकीची काळजी मीच घेते, म्हणून काय झालंय ते मला लगेच कळलं. माशाच्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते पचवणारे जंतू स्पंजात आणि खड्यांत राहतात. सासूबाईंनी त्यांना सहकुटुंब गटारात पाठवलं होतं.

डॉक्टरांना विचारून मी तिथल्या फिल्टरमधला एक काळा, बुळबुळीत स्पंज त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून डब्यातून घरी आणला.

"लोकांची घाण माझ्या घरात?" सासूबाईंनी पदर नाकाला लावला.

"हो. हीच घाण त्याला वाचवेल."

स्पंज फिल्टरमध्ये बसवला, हवेचा पंप वाढवला, पैलवानचं खाणं बंद केलं. रोज पाव टाकी पाणी काढायचं आणि तेवढंच नवं घालायचं. तेही क्लोरीन मारणारे थेंब टाकून, टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट. नुसतं नळाचं पाणी घातलं असतं तर नव्या जंतूंचीही वाट लागली असती.

अशात नणंद आली. बॅग ठेवली आणि आधी टाकीच बघितली.

"वहिनी, हे पाणी आहे का ताक? आणि उपाशी ठेवलंयस त्याला? आई, जाळी आण. काढू या त्याला बादलीत आणि सगळं पाणी बदलू."

"जाळी आणायची नाही," मी म्हटलं.

"मी लहानपणापासून बघतेय हा मासा!"

"मग आता लांबूनच बघा."

"आमच्या घरात आम्हालाच सांगतेस?"

"सांगतेय. या टाकीला कोणी हात लावायचा नाही. राग येऊ दे नाहीतर काही येऊ दे."

मी टाकीसमोर उभी राहिले. नणंदेने स्वतःच जाळी आणली, मला बाजूला सारून ती पाण्यात घालायला हात पुढे केला, आणि तो तिथेच थांबला. बाबांनी तिचं मनगट पकडलं होतं. त्यांचा डावा हात चालतो, हे आम्ही जणू विसरलोच होतो. सोडेनात. ती "बाबा, बाबा" करत रडायला लागली, तरी सोडेनात. शेवटी तिने जाळी खाली टाकली.

आठवडा त्रासाचा गेला. सासूबाई फडकं हातात घेऊन टाकीसमोर यायच्या, काचेवरचा डाग बघायच्या, सुस्कारा टाकून परत जायच्या. मग एका सकाळी पाणी नितळ दिसलं. पैलवान तळाशी खडे उलथत होता. मी चार दाणे टाकले, त्याने क्षणात गिळले. बाबांनी माझ्या हातून वाटीभर पेज संपवली.

"नशिबाने वाचला बाई," नणंद म्हणाली.

एरवी मी मान डोलावली असती. "नशिबाने नाही, ताई. मी वाचवला. मी आणि बाबांनी."

नणंद काही बोलणार, तोच दारातून सासूबाई कडाडल्या.

"आणि मी? त्या घाणेरड्या स्पंजाला आठवडाभर हात लावला नाही मी! ते कोण मोजणार?"