रेनडियरच्या मिशा

दयारामच्या पायाला त्या आठवड्यात भिंगरी लागली होती. दुकानात बसला की फोन बघायचा, फोन खिशात घातला की उठायचा, रिक्षा स्टँडपर्यंत जाऊन यायचा आणि परत आल्यावर पहिल्यांदा काय करायचा, तर फोन बघायचा. गल्लीतल्या चहावाल्याला वाटलं, शेठला साखर निघाली असणार, डॉक्टरने चालायला सांगितलं असेल. खरं कारण होतं रेनडियर.

दयाराम मूळचा वसईजवळच्या निर्मळचा, वाडीवाल्या घरातला. भावांनी केळी आणि फुलं सांभाळली, याने माणिकपुरात जाहिरातीच्या भेटवस्तूंचं दुकान टाकलं. पतपेढीच्या की-चेन, दवाखान्याची घड्याळं, निवडणुकीत उभ्या राहणाऱ्यांच्या छत्र्या, सगळं तो छापून द्यायचा. आपण छापलेली एकही वस्तू ज्या घरात नाही असं घर वसईत दाखवा, असं तो पैजेवर सांगायचा. पैज अजून कुणी घेतली नव्हती.

त्या दुकानाचा एक नियम होता. कुठलंही काम आलं की आधी एकच नग छापायचा आणि तो क्षितिजाला दाखवायचा. क्षितिजा म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. शाळेत असताना एकदा तिने दवाखान्याच्या घड्याळाकडे बघून विचारलं होतं, "पप्पा, यांच्याकडे चार वाजतच नाहीत का?" पाचाचा आकडा दोनदा छापला गेला होता. दयारामने त्याच दिवशी तिला मुख्य तपासनीस नेमलं. ती 'पास' म्हणाली की यंत्र चालू, 'नापास' म्हणाली की पुन्हा पहिल्यापासून. पुढे ती गुरांची डॉक्टर झाली, तरी घरी जाताना दुकानात डोकावून नमुना बघूनच जायची.

एक नमुना मात्र तिला दाखवला गेला नाही.

आगाशीच्या धवलचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घर ओळखीचं, दोन्हीकडून बोलणं पुढे सरकलेलं. क्षितिजा अजून हो म्हणाली नव्हती. तिचं नॉर्वेच्या एका विद्यापीठात जायचं चाललं होतं. पण ते पावसाळ्याचे दिवस, हाताला काम नाही, यंत्र थंड पडलेलं. दयारामने विचार केला, आज ना उद्या साखरपुड्याला पाहुण्यांच्या हातात काहीतरी द्यावंच लागणार. त्याने कप छापून टाकले. सोनेरी अक्षरांत 'क्षितिजा आणि धवल', बाजूला पोपटाची जोडी. दुसऱ्या कुठल्या बापाने घाईघाईने हॉल बघितला असता. यंत्र घरचं असलेला बाप ही अशी चूक करतो.

ती एकदा टेप शोधायला माळ्यावर चढली आणि खोक्यांपाशीच थांबली. खाली आली तेव्हा तिच्या हातात एक कप होता. ती एवढंच म्हणाली, "पप्पा, हा नमुना मला कुणी दाखवला नाही."

त्यावर गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण दयारामचं तोंड सुटलं. "सगळंच काय तुला विचारून करायचं?"

ती गेली. नॉर्वेच्या अगदी उत्तरेला, जिथे हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही, तिथे रेनडियरच्या कळपांचा अभ्यास करायला गेली. दर रविवारी आईला, चंद्रकांताला, फोन करायची. दयाराम जवळ आला की म्हणायची, "बरं आई, ठेवते." म्हणून तो जवळ यायचाच नाही. पडद्याच्या अलीकडे खुर्ची टाकून पेपर वाचायचा आणि एकही ओळ न वाचता सगळं ऐकायचा.

अशाने त्याला रेनडियरबद्दल जेवढं कळलं, तेवढं वसईत कुणालाच माहीत नसेल. हिवाळ्याच्या अंधारात त्यांच्या डोळ्यांचा आतला पडदा निळा होतो, उन्हाळ्यात पुन्हा सोनेरी. बर्फाखालचं खाणं ती वासाने हुडकतात आणि खुरांनी उकरून काढतात. आणि चालताना त्यांच्या पायातून टक टक आवाज येतो, कारण आतली शीर हाडावरून सरकते. क्षितिजा आईला सांगत होती, "वादळात समोरचं काही दिसत नाही ना, तेव्हा तो टक टक आवाज ऐकत कळप एकत्र राहतो गं." त्या दिवशी दयारामने पेपर बराच वेळ तोंडासमोर धरून ठेवला होता.

आणि आता डिसेंबरात फर्डिनंड आला. फर्डिनंडची माणिकपुरात बेकरी, दयारामचा शाळेपासूनचा दोस्त. "दया, यंदा कॅलेंडर नको. कप दे. त्याच्यावर रेनडियर पाहिजे, आणि रेनडियरला मिशा."

"मिशा कशाला?"

"आमच्या आजोबांच्या. बेकरीच्या पिशवीवर आहेत, खोक्यावर आहेत, मग कपावर नकोत? नाताळच्या आधीच्या रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर वाटायचेत."

दयारामने चित्र केलं, कागदावर छापून कपाला गुंडाळलं, यंत्रात तापवून नमुना काढला. मिशीला पीळ दिलेला रेनडियर मोठा रुबाबदार दिसत होता. आणि मग त्याच्या हाताने त्याला न विचारता त्या कपाचा फोटो काढला आणि क्षितिजाला पाठवला. खाली लिहिलं, 'पास?' दीड वर्षातला हा त्याचा पहिला शब्द.

दिवसभर काही नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

'मिशा काढा. मोठ्या नरांची शिंगं नाताळच्या आधीच गळतात. या दिवसांत एवढी शिंगं दिसली तर ती बहुतेक मादी असते. ती पोटुशी असते. बर्फ उकरून खाणं काढते, ते दुसऱ्यांनी हिसकावू नये म्हणून तिची शिंगं वसंतापर्यंत राहतात.'

दयारामने ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. पोरीने उत्तर दिलं होतं. तो तसाच बेकरीत गेला आणि फर्डिनंडला म्हणाला, "मिशा निघणार. ती बाई आहे."

"कोण बाई?"

"रेनडियर."

"दया, गिऱ्हाईक काय शेपूट उचलून बघणार आहे का?"

पण गल्ल्यावर बसलेली फर्डिनंडची बायको इनेझ हसली. "म्हणजे नाताळचं सगळं ओझं बाईच ओढते. मला वाटलंच होतं. काढा हो भाऊ मिशा." तिथे फर्डिनंडचं काही चाललं नाही. मिशा तेवढ्या खाली बेकरीच्या नावाशेजारी ठेवायच्या ठरल्या.

नवा नमुना तयार झाला. दयारामने तो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे तिने बघितला. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही.

भिंगरी लागली ती तेव्हापासून. कोऱ्या कपांची खोकी भिंतीला लावलेली, चित्राचे कागद छापून तयार, आणि यंत्र बंद. फर्डिनंड रोज येऊन उभा राहायचा. "अरे, रविवार तोंडावर आला. घोडं कुठे अडलंय?"

"नमुना पास व्हायचाय."

"मी पास केलाय ना. मी गिऱ्हाईक आहे."

"तू नाही," दयाराम म्हणाला, आणि फर्डिनंडने कपाळाला हात लावला. उद्यापर्यंत कप नसतील तर विरारला दुसरीकडे टाकतो, असं सांगून तो गेला.

दयारामला काम जाण्याची भीती नव्हती असं नाही. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. एकदा यंत्र चालू केलं की पोरीला विचारायला त्याच्याकडे काही उरणार नव्हतं. 'कशी आहेस' हे दोन शब्द त्याला लिहिता येत नव्हते, आणि रेनडियरशिवाय दुसरं निमित्त नव्हतं.

दुपारी चंद्रकांता डबा घेऊन आली. त्याने झाकणही उघडलं नाही. "तिकडे रेंज नसेल," तो म्हणाला. "कळपामागे डोंगरात गेली असेल."

"काल रविवार नसूनही माझ्याशी बोलली की. चांगली पाऊण तास." चंद्रकांता पदराने घाम पुसत खाली बसली. "अहो, तुम्ही तिला लोकांचे नमुने दाखवताय. जो दाखवायचा राहिला, तो दाखवलात का?"

चंद्रकांताने माळ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तरी त्याला कळलं. थोड्या वेळाने त्याने शिडी लावली. खोकी होती तशीच होती, वर धूळ आणि पालीची अंडी. एक कप काढून त्याने शर्टाच्या टोकाने पुसला. सोनेरी अक्षरं जशीच्या तशी होती, पोपटही. काम उत्तम झालं होतं, त्याचीच त्याला लाज वाटली.

त्याने कप काउंटरवर ठेवून फोटो काढला. काय लिहावं ते सुचेना. समजावून सांगणारं बरंच काही लिहिलं आणि पुसलं. शेवटी लिहिलं, 'हा नमुना दाखवायचा राहिला होता.' आणि डोळे मिटून पाठवून दिला.

निळ्या खुणा लगेच आल्या. दयाराम उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. मग फोन थरथरला.

'नापास. छापू नका.'

दयारामने माळ्यावरच्या खोक्यांकडे बघितलं. मग लिहिलं, 'बरं. नाही छापत.'

त्याला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. तोवर दुसरा निरोप आला, 'रेनडियर पास.' त्याने चंद्रकांताकडे वळून सांगितलं, "मला नापास केलं."

"बरं केलं," चंद्रकांता म्हणाली. "आता जेवा. आणि ती खोकी माळ्यावरून काढा, उद्या पोरगी आली तर काय दाखवाल तिला?"

जेवण राहिलं बाजूला, त्याने आधी यंत्र चालू केलं. पहिला कप तापत असतानाच फोन वाजला. पडद्यावर 'क्षितिजा'. दीड वर्षाच्या सवयीने त्याने फोन उचलला आणि चंद्रकांतापुढे धरला.

तिने हात मागे घेतला. "माझा नाही वाजत. तुमचा वाजतोय."

दयारामने फोन कानाला लावला. पलीकडून कुणी बोललं नाही. वाऱ्याचा घोंघाट येत होता, आणि त्यातून, अगदी जवळून, टक टक, टक टक. कितीतरी पाय चालत होते. यंत्र तापल्याचा गजर करत राहिलं, ते बंद करायला चंद्रकांता उठली.

"ऐकू येतंय," दयाराम शेवटी म्हणाला. "ऐकू येतंय गं मला."