पडद्याच्या दोन्ही बाजूंनी

पडद्यावरच्या लाल फेटेवाल्या जादूगारानं खोटी मिशी ओढून काढली, शेजारी बसलेल्या माणसाच्या पाठीवर थाप मारली आणि दोघं एकाच ताटात जेवायला लागले, तेव्हा गोपीनाथच्या हातातला शेंगदाणा तोंडापर्यंत पोचलाच नाही. शेजारी बसलेला माणूस काळ्या कोटाचा जादूगार होता. तोच, जो पिक्चरभर लाल फेटेवाल्याच्या जिवावर उठला होता. बाहेर रस्त्यावर दोघांचे भक्त एकमेकांची डोकी फोडत होते आणि आत मेकअपच्या खोलीत हे दोघं एकमेकांना आग्रह करून वाढत होते.

 मैदानात पडद्याच्या अलीकडून आणि पलीकडून एकदमच ओरडा उठला.

मिलच्या चाळीतल्या गणपतीत मैदानाच्या मधोमध पांढरं कापड ताणून पिक्चर दाखवायची पद्धत जुनी होती. त्या कापडाच्या दोन्ही अंगांना बसायची पद्धत मात्र मिलच्या संपात दोन युनियनी भांडल्या तेव्हापासूनची. दत्तोपंतांच्या कामगार सभेची माणसं एका बाजूला, चौकसेजींच्या मजदूर मंडळाची दुसऱ्या. सुलटी बाजू एक वर्ष यांना, एक वर्ष त्यांना. उलट्या बाजूनंही पिक्चर सगळा दिसतो, फक्त अक्षरं उलटी येतात आणि झाडून सगळे हीरो डावखुरे होतात. पुढे मिल बंद पडली, सभा गेली, मंडळ गेलं. दत्तोपंतांनी बिल्डरचं ऑफिस थाटलं, चौकसेजींनी केबलचा धंदा काढला. चाळीतल्या लोकांना मिळाल्या त्या पडद्याच्या दोन बाजू. यंदा उलटी बाजू सभेकडे, म्हणजे गोपीनाथकडे होती.

पलीकडच्या बाजूला त्याचा साडू होता, बाळकृष्ण. संपात मिलच्या गेटवर मारामारी झाली तेव्हा गोपीनाथनं दांडक्यानं त्याचा खांदा मोडला होता. खांदा सांधला तो वाकडाच. लूमवर उभं राहणं जमेना म्हणून त्याला कापूस झाडायच्या खात्यात टाकलं, आणि मिल बंद होईपर्यंत तो कापूस त्याच्या छातीत जाऊन बसला. आता डॉक्टर दिवाळीच्या पलीकडचं काही बोलत नव्हते. त्या मारामारीपासून दोन घरांत बोलणं नव्हतं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, दोन चाळी सोडून राहणाऱ्या, आणि नळावरसुद्धा वेळा चुकवून जाणाऱ्या.

महालक्ष्म्यांचं जेवण दोन दिवसांवर आलं होतं. गोपीनाथच्या बायकोला, सुलोचनाला, यंदा बहिणीला आणि बाळकृष्णला मेहूण म्हणून जेवायला बोलवायचं होतं. पुढच्या वर्षी हे मेहूण असेल की नसेल, हे तिनं तोंडानं म्हटलं नव्हतं. पण गोपीनाथला ते न कळायला तो काही कुक्कुलं बाळ नव्हता. त्यानं नाही म्हणून सांगितलं होतं.

सकाळी शामच्या पोह्यांच्या गाडीवर अख्खी चाळ पिक्चर चघळत उभी होती.

"मला तर इंटरवललाच समजून गेलं होतं भिया," सभेतला एकजण म्हणाला. "दोघांच्या बोटात सेम टु सेम अंगठी. डाव्या हातात."

"उजव्या हातात," मंडळातला एकजण आपल्या जिलबीशी बोलावं तसं म्हणाला.

"डाव्या! डोळ्यांनी पाह्यलं ना यार."

"तू उलटीकडून पाह्यलं."

यावर बराच वेळ गेला. कोणी म्हणालं, क्या दिमाग लगाया है. कोणी म्हणालं, फालतू पिक्चर, शेवटी असंच करायचं होतं तर आम्हाला एवढा वेळ उल्लू कशाला बनवलं. फेटेवाल्याच्या त्या चेल्याचा मारामारीत पाय गेला, त्याचं काय झालं, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"त्याचं काय होणार काका? तो तर पब्लिक."

शाम पोह्यांवर शेव भुरभुरत होता. हात न थांबवता तो म्हणाला, "मला तर आपल्या दत्तोपंतांची नि चौकसेजींची याद आली. क्या जोडी थी!"

दोन्ही बाजूची माणसं हसली. अगदी मोकळं हसली, आणि मग एकमेकांकडे न बघता पोहे खायला लागली.

गोपीनाथनं हातातला पोह्यांचा पुडा गाडीवर आपटला. "तोंड सांभाळून बोल, शाम. दत्तोपंतांनी आमच्यासाठी लाठ्या खाल्ल्या आहेत."

"अरे दादा, मजाक करून राहिलो मी."

"मजाक नको करू."

तो निघाला. त्या दिवशी त्याची ड्यूटी दुपारची होती. नव्या मोटारींच्या एका शोरूमच्या दारात तो टोपी घालून उभा राहायचा आणि ज्या गाडीची किंमत त्याला नीट उच्चारतासुद्धा येत नव्हती तिच्यासाठी दार उघडायचा. अजून वेळ होता. तो घरी आला.

सुलोचना चिंचेनं महालक्ष्म्यांचे मुखवटे घासत बसली होती. त्यानं न विचारता सांगायला सुरुवात केली.

"मूर्ख पिक्चर. असं कधी होतं का? हजारो माणसं एकमेकांच्या उरावर बसतात नि कोणाला पत्ताच नाही? पब्लिक इतकी गाढव असते का?"

सुलोचना मुखवटा घासत राहिली.

"तू बोल ना. असते का?"

"असेल एखाद्या वेळी," ती म्हणाली.

"म्हणजे?"

तिनं मुखवटा पाण्यात बुडवला, पुसला आणि पाटावर ठेवला. मग पदराला हात पुसले. एवढी तयारी करून ती बोलायची ती फक्त कोणी वारल्याचं सांगताना, म्हणून गोपीनाथ खाली बसला.

"संपात घरात दाणा नव्हता, तेव्हा मी दत्तोपंतांकडे पोळ्या करायला जात होते. आठवतं?"

"मग?"

"चौकसेजी मागच्या दारानं यायचे. आतल्या खोलीत दोघं जेवायचे. मी वाढलंय दोघांना."

गोपीनाथनं पाटावरचा मुखवटा उचलला आणि परत ठेवला.

"गेटवर मारामारी झाली त्या दिवशीपण आले होते. हसून हसून बोलत होते. आज रंगलं म्हणाले. मालक आता दोघांशीही नीट बोलेल म्हणाले."

"आणि तू मला आज सांगून राहिलीस?"

"त्याच दिवशी सांगणार होते. तुम्ही घरी आलात ते दांडका घेऊन. म्हणालात, साडूला असा ठोकला, त्यानं हातसुद्धा वर केला नाही. तुम्हाला एवढं खूश मी आपल्या लग्नातसुद्धा पाह्यलं नव्हतं. नंतर मिल गेली. मग म्हटलं, आता हे सांगून यांच्याजवळ काय उरेल?"

गोपीनाथ मोरीवर गेला. तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. त्याला दत्तोपंतांचा राग यायला हवा होता. तो आलाही, पण मागून. आधी आली ती लाज, आणि ती अंगभर पसरली. आपण उभ्या चाळीत मिशीला पीळ देऊन फिरलो. पोहेवाल्याला कळलं, बायकोला कळलं, आपल्यालाच तेवढं कळलं नाही. मग त्याला बाळकृष्ण आठवला आणि जरा बरं वाटलं. एकटा फसला तर तो गाढव. दोघं फसले तर ते नशीब.

"ऊठ," तो बाहेर येऊन म्हणाला. "कुंकवाचा करंडा घे. आमंत्रण देऊन येऊ."

"खरंच?"

"त्यालाही सांगतो. दोघांनाही बनवलं म्हणतो त्या हरामखोरांनी. आपल्यात काही नव्हतंच."

सुलोचनानं लुगडं बदललं. इतक्या घाईनं की निऱ्या दोनदा सुटल्या. गोपीनाथला ते बघवेना, म्हणून तो दाराशी जाऊन उभा राहिला.

बाळकृष्णच्या घरी द्वारकाबाई दारातच तांदूळ निवडत होती. तिनं बहिणीला पाहिलं, मागे उभ्या गोपीनाथला पाहिलं आणि सूप तसंच टाकून ती उठली.  सुलोचनानं तिचा हात धरला आणि दोघी आत गेल्या. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून आधी हुंदका आला, मग हसू आलं, मग दोघी एकदमच बोलायला लागल्या.

बाळकृष्ण बाहेरच्या खोलीत खाटेवर उशांना टेकून बसला होता. गोपीनाथला त्याच्या मानेच्या शिरा मोजता आल्या असत्या.

"या गोपीनाथराव," बाळकृष्ण म्हणाला. काल संध्याकाळीच भेट झाली असावी तसा. "बसा. पिक्चर पाह्यला?"

"पाह्यला."

"तुमच्याकडे यंदा उलटी बाजू. आम्हाला सुलटा दिसला." तो हसला आणि खोकला. खोकला थांबायला वेळ लागला.

गोपीनाथ स्टुलावर बसला. वाटेत त्यानं वाक्यं जुळवून ठेवली होती, पण ती आता भलत्याच क्रमानं बाहेर आली. पोळ्या, मागचं दार, आतली खोली, दोघांचं जेवण. "सुलोचनानं वाढलंय त्यांना," तो म्हणाला. "गेटवरची मारामारीसुद्धा त्यांनी ठरवून घडवलेली. आपण बनलो, बाळकृष्ण. तू नि मी, दोघंही."

बाळकृष्णनं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते तर मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"चौकसेजींनी आदल्या दिवशीच बोलावून सांगितलं होतं. आमच्याकडचे दोघंतिघं होतो. म्हणाले, उद्या गेटवर समोरचे येतील, थोडी धक्काबुक्की करायची, सरकारला मध्ये पडावं लागेल, मालक नरम होईल. तिकडच्यांनाही सांगितलंय म्हणाले. मतलब, सगळ्यांच्या भल्यासाठीच आहे. मला तेव्हा पटलं." त्यानं उशीवरचं डोकं जरा वर केलं. "समोरून तुम्ही येताना दिसलात तर मला उलट बरं वाटलं. म्हटलं, चला, घरचाच माणूस आहे."

आतून द्वारकाबाईचा आवाज आला. ताई, पुरण मी वाटून आणते, तू एकटी किती करशील.

"दांडका बसला तेव्हा वाटलं, यांचा हात जरा जास्त पडला," बाळकृष्ण म्हणाला. "नाटकात होतं असं. चौकसेजी म्हणाले होते, काही दिवस बोलू नका एकमेकांशी, लोकांना शक येईल. मग तुम्ही आलाच नाहीत. मी हिला म्हणायचो, अगं, खांदा मोडला म्हणून यांना आपल्यासमोर यायची लाज वाटत असेल. येतील कधीतरी."

"मला कोणी सांगितलं नव्हतं," गोपीनाथ म्हणाला.

त्याला ते आपली बाजू साफ केल्यासारखं वाटलं. आपण कुठल्या कटात नव्हतो, आपल्याला काही ठाऊक नव्हतं, आपण साधा माणूस. म्हणून त्यानं ते पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. "शपथ घेऊन सांगतो बाळकृष्ण. दत्तोपंतांनी मला एक अक्षर सांगितलं नव्हतं."

बाळकृष्ण त्याच्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. विसरल्यासारखं थोडा वेळ तिथंच राहिलं.

"नव्हतं सांगितलं?"

"नाही ना."

"म्हणजे तुम्ही खरंच मारलंत," बाळकृष्ण म्हणाला. "मला. मनापासून."

 गेटवरचा तो दिवस गोपीनाथला दिसला. गर्दीत साडूचा चेहरा दिसल्यावर आपल्याला झालेला आनंदही त्याला आठवला.

द्वारकाबाई चहा घेऊन बाहेर आली. कपाळावर ताजं कुंकू होतं, डोळे रडून लाल झाले होते आणि तिचं बोलणं थांबत नव्हतं. "ऐकलंत का? ताई म्हणते, तुमचं पथ्याचं वेगळं करते, तिखट अजिबात घालत नाही. तिथंच जरा आडवं व्हा म्हणते, ऊन उतरलं की या परत. मी म्हटलं, एवढं कशाला, दोनच तर चाळी..."

"तू जा," बाळकृष्ण म्हणाला. "सवाष्ण म्हणून जा. मेहूण त्यांना दुसरं बघायला सांग."

त्यानं पाय जवळ घेतले आणि मोडका खांदा वर ठेवून तो भिंतीकडे वळला. द्वारकाबाईच्या हातात कपबश्या तशाच राहिल्या. ती नवऱ्याच्या पाठीकडे बघत होती. मग तिनं गोपीनाथकडे पाहिलं.

"आत्ता तर चांगले बोलून राहिले होते दोघं. काय झालं भाऊजी? त्या पिक्चरवरून वाजलं की काय?"

"हो," गोपीनाथ म्हणाला, आणि उठून चपला शोधायला लागला.