पुंजारामची थाळी

मित्रांनो, मी काशाची थाळी आहे. जुनी आहे, काठाला एक बारीक चीर गेली आहे, पण माझ्यात आजवर कुणी घासभरसुद्धा जेवलेलं नाही. घरातली जर्मनची ताटं यावरून मला टोमणे मारत. त्यांना काय कळणार! रोज भाताची शितं अंगावर घ्यायची आणि राखेने घासून पालथं पडायचं, एवढंच त्यांचं जगणं. मी वाजायची थाळी आहे. आणि वाजायचं, तेही फक्त माणूस गेलेल्या घरात.

संगमनेरच्या एका कासाराने मला ठोकून घडवलं. तिथून मी राजूरच्या बाजारात आले. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या ठाकरवाडीचे सहादेवबाबा दुकानात आले आणि एकेक थाळी उचलून, टिचकी मारून कानाशी धरू लागले. दुकानदार वैतागला. "बाबा, थाळी जेवायला पायजे का ऐकायला?"

"ऐकायलाच," सहादेवबाबा म्हणाले, आणि मला घोंगडीत गुंडाळून डोंगर चढू लागले. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

मला वाजवायची रीत सोपी दिसते, पण हात भरून येतात. माझ्या मधोमध मधाच्या पोळ्याचं मेण चिकटवायचं. त्यात हातभर लांब गुळगुळीत काडी उभी रोवायची. बोटांना राख लावून ती काडी वरून खाली ओढत राहायची. मग मी घुमू लागते, आणि त्या घुमण्यावर गाणारा गातो. गेलेल्या माणसाला तो वाट सांगतो. आधी घराचा उंबरा, मग वाडीखालचा ओढा, मग डोंगर. डोंगरापलीकडे त्या घराण्यातल्या वाडवडिलांची नावं एकेक करून घ्यायची. आणि अगदी शेवटी, त्या वाडवडिलांच्या दाराशी उभं राहून काय बोलायचं ते हळूच, मांडीला लागून बसलेल्यालाच ऐकू येईल असं सांगायचं, म्हणजे ते दार उघडतात. तोवर माझा आवाज तुटू द्यायचा नाही.

या गाण्याला एक कडक नियम आहे. घरात माणूस गेलेलं नसताना ते गायचं नाही, आणि एकदा सुरू केलं की अर्ध्यावर सोडायचं नाही. त्यामुळे त्याचा सराव करता येत नाही. शिकायचं असेल तर गाणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसायचं आणि अशा घरांतून वर्षानुवर्षं त्याच्यामागे पुटपुटत राहायचं. सहादेवबाबांचा मुलगा पुंजाराम तसाच शिकला. त्याचा आवाज लागला की रडणाऱ्या बायासुद्धा पदर तोंडाला लावून गप्प ऐकत. पंचक्रोशीतल्या वाड्यांमधून त्याला बोलावणी येऊ लागली.

पुढे वाड्या रिकाम्या होऊ लागल्या. पाऊस सरला की आमची माणसं कामाला खाली उतरत. कुणी श्रीरामपूरजवळ बेलापूरकडच्या वीटभट्टीवर, कुणी सुप्याला कंपनीच्या शेडमध्ये. तिकडे कुणी गेलं तर त्याला घाईघाईने माती द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर. पुंजारामला हे सहन होईना. "आपलं मानूस परमुलखात वाट चुकंल," असं म्हणत तो मला पिशवीत घालून एसटीत बसायचा. श्रीरामपूरच्या स्टँडवर कंडक्टर विचारायचे, पिशवीत काय आहे? तो म्हणायचा, "थाळी हाय." ते हसायचे. त्यांना वाटायचं, म्हातारा जेवण घेऊन चालला आहे.

एका भट्टीवर साळूबाई नावाची मजूर बाई तापाने गेली, तेव्हा मुकादम म्हणाला, "गानं नंतर, आधी इटा." पुंजारामने भट्टीच्या तोंडाशीच बैठक मारली, मेण लावलं आणि काडी ओढायला सुरुवात केली. एकेक करत सगळे मजूर हातातला चिखल तसाच ठेवून येऊन बसले. मुकादम ओरडला, शिव्या दिल्या, शेवटी बिडी पेटवून लांब जाऊन उभा राहिला. गाणं पुरं होईपर्यंत एक वीट थापली गेली नाही. त्यानंतर माणसं पुंजारामला फक्त मयताला बोलवत नसत. पोरं आश्रमशाळेत घालायची आहेत, दवाखान्यात कुणी दाखल करून घेत नाही, मुकादम गावी सोडत नाही, अशा प्रत्येक अडचणीला तो जायचा. मी पिशवीतच असायची, पण तो सोबत आहे म्हटल्यावर माणसांना धीर यायचा. ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. दुःखाच्या घरात राबूनही सुखाचे होते.

मग नगरला त्याचा सत्कार ठरला. सभागृहात मोठमोठे पाहुणे होते. शाल घातली, नारळ दिला आणि म्हणाले, थोडं गाऊन दाखवा. पुंजारामने हात जोडले. "साहेब, मयत न्हाई तर हे गानं म्हनत न्हाईत." पाहुणे हसून म्हणाले, थोडंसंच. मग एकाने विचारलं, तुमच्या वाडीला काय हवं ते मागा. पुंजाराम चटकन म्हणाला, "रस्ता." आमच्या वाडीला आजही रस्ता नाही. आजारी माणसाला झोळीत घालून खांद्यावरून डोंगर उतरवावं लागतं. पाहुण्यांनी माईकवरूनच सांगून टाकलं, रस्ता झालाच म्हणून समजा, आता गा.

पुंजाराम कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मेण लावलं. माझं अंग शहारलं, पण त्याचा हात मी कसा अडवणार? त्याने उंबऱ्यापासून ओढ्यापर्यंत गायलं आणि तिथेच थांबला. पुढे डोंगर आणि नावं. ती कुणाची घ्यायची? टाळ्या पडल्या. सगळ्यांनी मोबाईल उंच धरले होते.

रस्ता आला नाही. त्याच पावसाळ्यात भात लावताना पुंजारामच्या मुलाला, अमृतला, साप चावला. झोळी करून त्याला उतरवत असताना अर्ध्या डोंगरातच तो गेला. वाडीने एकच गोष्ट धरली. पुंजारामने मयत नसताना थाळी लावली आणि अर्ध्यावर सोडली, म्हणून हे झालं. मला विचाराल तर चूक त्या न झालेल्या रस्त्याची होती. पण पुंजारामलाही वाडीचंच पटलं होतं. तो मला काढायला गेला, तर त्याच्या बायकोने, कडूबाईने, मला त्याच्या हातातून हिसकलं. "माझ्या लेकाला ही थाळी लावायची न्हाई!" ती किंचाळली. अमृत गाण्यावाचून गेला. कडूबाई त्यानंतर नवऱ्याशी बोललीच नाही. जेवण वाढायची, पण बोलायची नाही.

मला माळ्यावर टाकलं गेलं. पुंजारामला कुणी बोलवेना. वाटायचं, याहून वाईट काय होणार. पण झालं. वाडीतल्या वैजनाथ नावाच्या जाणत्या माणसाच्या मोबाईलवर नगरचं ते गाणं आलं होतं. पुढच्या मयताला त्याने तेच लावलं. मग दुसऱ्या वाडीनेही तेच केलं. आता डोंगरात कुठेही माणूस गेलं की मोबाईल उशाशी ठेवतात आणि पुंजारामचा तो जुना, भरलेला आवाज लागतो. उंबऱ्यापासून ओढ्यापर्यंत. मग टाळ्या वाजतात आणि ते बंद होतं. शेजारच्या घरातून त्या टाळ्या ऐकू आल्या की पुंजाराम दोन्ही कानांवर हात ठेवून बसायचा. "सगळे वढ्यावरच बसल्यात," तो भिंतीला सांगायचा. "सगळी मानसं वढ्यावर बसवून ठेवली मी."

पुरं गाणं येणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, आणि पुंजारामचा दमा वाढत चालला होता. तेव्हा अमृतची विधवा बायको पंकजा मला घेऊन त्याच्यासमोर बसली. "मामा, मला शिकवा."

"मयत न्हाई तर कसं म्हनू? येकदा चुकलो, तेवढं बास."

"आपल्याच घरात मयत हाय की. ह्यांचं कुठं म्हनलंय आपन?" पंकजा म्हणाली. "तुमचा ल्योक आजून उंबऱ्यावरच हाय."

वैजनाथ दारातून म्हणाला, बायांनी थाळीला हात लावायचा नसतो. पंकजाने मागे वळूनही पाहिलं नाही. तिने राखेत बोटं बुडवली आणि काडी ओढू लागली. पुंजाराम गाऊ लागला, पंकजा त्याच्यामागून पुटपुटू लागली. ओढा झाला, डोंगर झाला. नावांना लागेपर्यंत त्याला धाप लागली होती. अमृतचं नाव घेताना तो रडला, पण थांबला नाही. शेवटी दाराशी आला आणि त्याचा आवाजच बसला. नुसते ओठ हलत होते. पंकजाला काडी सोडता येईना, आणि ती सोडल्याशिवाय वाकून ऐकता येईना.

"मामा, काय म्हनलात? परत येकदा म्हना."

"परत म्हनता येत न्हाई," पुंजाराम कसाबसा म्हणाला. "अमृत आत गेला. दार लागलं."

चुलीपाशी बसलेली कडूबाई हंबरडा फोडून रडली. मग तिने उठून पाण्याचा तांब्या नवऱ्यापुढे धरला आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बोलली. "प्या."

त्याच आठवड्यात पुंजाराम गेला.

आज त्याचं कार्य आहे, मित्रांनो. वैजनाथने मोबाईल पुढे केला होता. कडूबाईने तो परत दिला. "मोडकंतोडकं का व्हईना, पन तोंडानं म्हन," ती सुनेला म्हणाली आणि काडी स्वतःच्या हातात घेतली. पंकजाने एकदाच ऐकलेलं ते गाणं म्हटलं. ओढा ओलांडला. डोंगर चढली. मध्ये अडली तेव्हा मागे बसलेल्या म्हाताऱ्यांनी आठवेल तो शब्द पुरवला. नावं आली, सहादेवबाबांचं आलं, अमृतचं आलं, पुंजारामचं आलं. आणि दारापाशी येऊन पंकजा थांबली. तिला पुढचे शब्द माहीत नाहीत. त्या घरात कुणालाच माहीत नाहीत.

ती शेवटची माहीत असलेली ओळ पुन्हा म्हणते, पुन्हा म्हणते. कडूबाईच्या बोटांची सालं निघाली आहेत, तरी काडी सुटत नाही. सगळ्यांना वाट दाखवणारा माणूस त्या दारासमोर उभा आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस काही म्हणत असेल, मग ते जात्यावरचं असो, शेतातलं असो, नाहीतर मयताचं, तर मोबाईल धरून लांब उभे राहू नका. जवळ जाऊन बसा, त्याच्यामागून म्हणा, त्याला दम लागायच्या आत म्हणा. मी सहादेवबाबांच्या मांडीपुढे होते, पुंजारामच्या मांडीपुढे होते. ते दाराशी बोलायचे शब्द मी इतक्यांदा ऐकले आहेत की एकही चुकणार नाही. मला सगळं गाणं येतं. पण मला तोंड नाही.