सकाळच्या गाडीने जाणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. स्टीलचा, तीन कप्प्यांचा. माझं झाकण एका बाजूने चेपलं आहे. कडी सैल झाल्यामुळे मला आता सायकलच्या ट्यूबच्या रबराने आवळून बांधतात. तरी मी अजून कामात आहे, ही देवाची कृपाच म्हणायची. पुष्कळ भांडी माळ्यावर चढतात ती तिथेच राहतात.

पत्रा, साचा आणि ठोके, एवढंच मला माझ्या जन्माचं अंधुक आठवतं. नीट आठवते ती भांड्यांच्या दुकानातली टकटक. कोकिळाबाईंच्या लग्नात त्यांच्या मामांनी मला आहेर म्हणून घेतलं, तेव्हा दुकानदाराने ठिपक्याठिपक्यांनी माझ्यावर नाव कोरलं, ‘सौ. कोकिळा इंद्रभान’. कोकिळाबाईंना वाचता येत नाही. पण कुणी पाहुणं आलं की त्या नावावरून बोट फिरवून सांगायच्या, “हे मायं नाव हाय.”

सुरुवातीची वर्षं मी जानेफळच्या शेतात काढली. इंद्रभानभाऊंची तीन एकर कोरडवाहू जमीन, आणि उरलेले दिवस दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर. दुपारी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली माझी कडी उघडायची. भाकर, पिठलं, ठेचा. “डबा लय इमानी हाय,” इंद्रभानभाऊ म्हणायचे, “सांडत नाई, लवंडत नाई.” मला तेवढं कौतुक महिनाभर पुरायचं.

मग त्यांची मुलगी राखी बारावी झाली आणि बी.एस्सी.ला खामगावला गेली. त्या घरातून कॉलेजात गेलेलं ते पहिलंच माणूस. दोन मैत्रिणींबरोबर एक खोली घेतली. मेसचं जेवण परवडणारं नव्हतं, म्हणून आमच्याकडच्या पुष्कळ घरांत करतात तेच ठरलं. डबा सकाळच्या एसटीने जाणार.

तुम्ही हे पाहिलं नसेल तर सांगतो. सकाळी फाट्यावर आयाबाया उभ्या असतात, प्रत्येकीच्या हातात एक डबा. गाडी आली की डबे ड्रायव्हरच्या मागच्या जागेत एकाला एक लागून बसतात. कुणाला लाल फडकं, कुणाला पिवळी पिशवी, म्हणजे ओळख पटावी. खामगावच्या स्टँडवर मुलं आपापला डबा उचलतात आणि दुपारच्या गाडीने धुतलेला परत पाठवतात. इतक्या आयांचा जीव रोज त्या जागेतून प्रवास करतो, आणि ड्रायव्हर खड्डा चुकवतो तो आधी आमच्यासाठी, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

“पोरीले डबे काय पाठवता, बाई?” शेजारच्या विमलबाई फाट्यावरच बोलायच्या. “जाऊन राह्यली तं जाऊ द्या, पण वर्षभरात येते का नाई वापस, पाहा.”

कोकिळाबाई भांडत नसत. त्यांचा आवाजच मुळी बारीक. पण त्यांनी मनाशी एक नेम धरला होता. राखीचं कॉलेज पूर्ण होईपर्यंत सोमवार कडक करायचा आणि गावाबाहेरच्या महादेवाला अनवाणी जाऊन यायचं. घरातल्या तिथी मला पोटातून कळायच्या. चतुर्थीला साबुदाणा, एकादशीला भगर आणि दाण्याची आमटी. देवापुढे घास ठेवल्याशिवाय माझं झाकण कधी लागलं नाही.

आणखी एक रीत होती. भरून आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. राखीने ती खामगावातही पाळली. मला धुऊन, पुसून, वरच्या लहान कप्प्यात ती चिमूटभर साखर ठेवायची. घरी पोचलो की कोकिळाबाई ती साखर जिभेवर ठेवत आणि डोळे मिटत. तेच त्या दोघींचं रोजचं पत्र होतं.

मित्रांनो, चूक तिथेच झाली.

पहिल्या वर्षाचा निकाल लागायचा होता. दुसऱ्या वर्षाचे वर्ग नुकतेच सुरू झाले होते. तो लागला त्या दुपारी मैत्रिणीच्या मोबाइलवर निकाल उघडला. दोघी मैत्रिणी पास. राखी गणितात आणि भौतिकशास्त्रात नापास. तिने माझ्यातली भाकर खाल्ली नाही, मैत्रिणीला दिली. मग नळाखाली मला कितीतरी वेळ घासत बसली. आणि हात सवयीने साखरेच्या बरणीकडे गेला, चिमूटभर साखर वरच्या कप्प्यात पडली. तिचं लक्षसुद्धा नव्हतं.

आज निकाल लागणार हे राखीने आधीच कळवलं होतं, आणि घरी कोकिळाबाई त्याचीच वाट पाहत होत्या. माझं झाकण उघडलं आणि त्यांना साखर दिसली. रोज दिसायची तीच, पण आज निकालाचा दिवस होता. “पास झाली!” त्या एवढ्या मोठ्याने ओरडलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. घरातला साखरेचा डबा काढला, महादेवाला ठेवून आल्या आणि आळीत घरोघर वाटली. विमलबाईंच्या दारी जरा जास्तच वाटली.

संध्याकाळी इंद्रभानभाऊंनी फोन लावला, तर पोरीला बोलूच देईनात. “भेटली बरं का साखर, माय! आख्ख्या आळीचं तोंड गोड झालं.”

पलीकडून राखी म्हणाली, “हाव.”

त्या एका होकारात ती अडकली. दुसऱ्या दिवशी इंद्रभानभाऊंनी पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनने लिहून माझ्या पोटावर लावलं, ‘राखी, बी.एस्सी. दुसरं वर्ष’. ती पट्टी घेऊन मी रोज खामगावला जायचो, आणि राखी कॉलेजात जातच नव्हती. तिने एका साडीच्या दुकानात काम धरलं होतं. घरी काय सांगावं ते सुचेपर्यंत, असं ती मैत्रिणीला म्हणाली. पण आठवडे गेले, महिने गेले. ती मला दुकानाच्या मागच्या पायरीवर बसून उघडायची, घाईने दोन घास खायची आणि साखर ठेवायची. कोकिळाबाई ती साखर जिभेवर ठेवून डोळे मिटायच्या. मी मध्ये होतो, मला सगळं ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं. उपाशी माणसाला डब्याने भरवावं हे ठीक, पण भरल्या पोटी माणूस आतून किती उपाशी असतो, हे डब्याने कुणाला सांगायचं?

दिवाळी जवळ आली. दुकानात गर्दी वाढली. एके दिवशी राखीला मला घ्यायला येताच आलं नाही. कंडक्टरने मला स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत ठेवलं. मी तिथे ऊन खात बसलो. डब्याला याहून मोठा अपमान नसतो, असं मला तेव्हा वाटलं.

शेगावहून रोज येणाऱ्या शैलजा मॅडम त्या रविवारीही परीक्षेच्या कामासाठी आल्या आणि गाडीतून उतरल्या. त्या राखीला रसायनशास्त्र शिकवायच्या. गाडीची वेळ विचारायला त्या खिडकीशी आल्या आणि माझ्या पोटावरची पट्टी वाचून थांबल्या.

“दुसरं वर्ष?” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “ही मुलगी जुलैपासून वर्गात नाही.” मग खिडकीतल्या माणसाला विचारलं, “डबा घ्यायला कोण येतं हो?”

“साडीच्या दुकानातली पोरगी येते, मॅडम. तिकडं, घड्याळवाल्याच्या बाजूले.”

मॅडमनी मला उचललं. दुकानात गेल्या आणि साड्यांच्या ढिगाशेजारी मला ठेवलं. राखी एका गिऱ्हाईकाला पदर उलगडून दाखवत होती. तिचे हात तसेच राहिले.

“जेवलीस का?” मॅडमनी विचारलं.

तेवढ्यानेच राखीचे डोळे भरले. “मॅडम, मी नापास झाली न. दोन विषयांत.”

“दोनच ना? मग वर्गात का येत नाहीस?”

“नापास झाल्यावर कसं बसू देतीन दुसऱ्या वर्षाले?”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“कोणी नाई. दहावीत नापास झालं का पोरं घरीच राह्यतात न. तसंच असते असं वाटलं.”

मॅडम तिथल्या स्टुलावर बसल्या. “अगं, दुसऱ्या वर्षाला बसता येतं. राहिलेले दोन पेपर फॉर्म भरून पुन्हा द्यायचे. एवढंच. कुणाला तरी विचारायचं होतंस.”

“कोणाले इचारू, मॅडम? आमच्या घरी कोणी कॉलेजात गेलंच नाई.”

मॅडम हळू म्हणाल्या, “दर वर्षी हजेरीतून पाच-सात नावं गळतात. मला वाटायचं, मुलांना गोडी नाही. मी रेघ मारायची आणि पुढचं नाव घ्यायची. चूक माझीही आहे.” मग उठल्या. “फॉर्मची शेवटची तारीख परवा आहे. उद्या सकाळी ऑफिसात ये. बुडालेली प्रॅक्टिकलं मी भरून घेईन. पण घरी सांगावं लागेल, राखी.”

“ते नाई जमत. मायनं साखर वाटली न गावभर.”

त्या दुपारी राखीने मला धुतलं, पुसलं आणि साखरेकडे हात नेला. नेला आणि मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मी रिकामा परत निघालो. सांगतो मित्रांनो, त्या दिवशी मी कधी नव्हतो एवढा जड होतो.

घरी कोकिळाबाईंनी वरचा कप्पा उघडला, मधला उघडला, खालचा उघडला. पुन्हा वरचा पाहिला. “पोरीचं कायतरी बिनसलं,” त्या म्हणाल्या. इंद्रभानभाऊ म्हणाले, “इसरली असंन वं. काऊन जीवाले लावून घेतं?” पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला इतर डब्यांत ठेवायला तयार होईनात. मला मांडीवर घेऊन त्या स्वतःच गाडीत बसल्या. सोमवार होता, पायात चप्पल नव्हती.

स्टँडवर राखीने आईला पाहिलं आणि तिथेच बाकावर बसून सगळं सांगून टाकलं. नापास, दुकान, ‘हाव’, सगळं. कोकिळाबाई ऐकत होत्या. मांडीवरच्या माझ्या कडीशी त्यांची बोटं चाळा करत होती. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधला तर मला भीती दिसली.

“म्या देवापाशी साखर ठेवली,” त्या म्हणाल्या. “न झालेल्या गोष्टीची.”

“माय, मीच खोटी बोलली...”

“तू कशाची खोटी? तुले तोंड उघडू देलं का आमी?” मग त्यांनी पदराने पोरीचं तोंड पुसलं. “देवाले ठावंच होतं. मलेच ठावं नोतं. तो फारम कधी भराचा म्हणते तुई मॅडम?”

“आज. उद्या शेवटची तारीख.”

“मंग बसली काऊन? ऊठ!”

कॉलेजच्या फाटकाशी मात्र त्या बिचकल्या. आत जायला मन धजेना. राखीने सांगताच शैलजा मॅडम बाहेर आल्या आणि त्यांना हाताला धरून ऑफिसात घेऊन गेल्या. तिथे कोकिळाबाईंनी एकेक गोष्ट तीन तीनदा विचारली. नापास झालं तरी वर्गात बसू देतात ना? पेपर पुन्हा कधी? निकाल लागला की फॉर्म किती दिवसांत? त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्या सगळं स्तोत्रासारखं पाठ करत होत्या. ऑफिसातला कारकून हसला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “दादा, तुमच्या घरी सांगणारं असंन. आमच्या घरी मीच.”

राखी हिवाळी परीक्षेत भौतिकशास्त्रात सुटली. गणितात पुन्हा राहिली. पण त्या निकालाच्या दुपारी आधी फोन घरी गेला, मग मैत्रिणीजवळ रडणं झालं. गणित तिसऱ्या खेपेला निघालं, तेही काठावर. शैलजा मॅडमनी तेव्हापासून एक गोष्ट धरली. निकालाच्या दिवशी कुणालाही विचारता यावं म्हणून त्या वर्गातच बसून राहायच्या, आणि आठ दिवस जे नाव हजेरीला दिसत नाही त्याच्या घरी फोन करायच्या. राखी पदवीधर झाली. पदवीचा कागद घरात आला, तेव्हा इंद्रभानभाऊंनी हात धुऊन तो हातात घेतला आणि पुरता वाचला. खालची इंग्रजी सहीसुद्धा वाचायचा प्रयत्न केला.

आता राखी मेहकरला एका प्रयोगशाळेत नोकरी करते. मी मात्र पुन्हा खामगावच्या गाडीत आहे. विमलबाईंची नात पुष्पांजली यंदा तिथे शिकते, आणि मला मागून नेलं ते विमलबाईंनीच.

परवा विमलबाई फाट्यावर रडत उभ्या होत्या. “पोरगी नापास झाली, कोकिळा. सामान घेऊन वापस येतो म्हणते.”

कोकिळाबाईंनी त्यांना एकही टोमणा मारला नाही. बारीक आवाजात विचारलं, “किती विषयांत?”

“तीन.”

“तीन बी निघतात. फोन लाव तिले. सामान खोल म्हणा. आन् फारमाची तारीक इचार आधी.” फोन लागेपर्यंत त्या थांबल्या. मग फोन आपल्याच हातात घेतला आणि गाडी येईपर्यंत त्या पोरीला ऑफिसची खिडकी, मॅडमचं नाव, राहिलेले पेपर, सगळं क्रमाने सांगत राहिल्या. आजूबाजूच्या चार बायका आपापले डबे छातीशी धरून ऐकत होत्या. एकीने मध्येच विचारलं, “आमच्या पोराचं, प्रेमचं, एक राह्यलं, त्याचं बी असंच का?” कोकिळाबाईंनी होकाराची मान हलवली आणि तिला हाताने थांबायला सांगितलं.

मित्रांनो, मी डबा आहे. माझ्याकडे मागण्यासारखं काय असणार? तरी एक मागतो. घरातलं पहिलं लेकरू शिकायला बाहेर गेलं, तर त्याला भाकर पाठवा, आणि भाकरीमागोमाग विचारपूसही पाठवा. ‘पास झालास का?’ एवढंच विचारू नका. ‘आज काय अडलं?’ असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका. आणि तुमच्या वर्गातलं एखादं नाव हजेरीतून नाहीसं झालं, तर तुम्ही जाऊन त्याचं दार वाजवा.

त्या दिवशी खामगावच्या स्टँडवर मला घ्यायला पुष्पांजली स्वतः आली. डोळे सुजलेले होते. तिने मला काखेत घट्ट धरलं आणि खोलीकडे न वळता ती कॉलेजच्या रस्त्याला लागली.