चुकीच्या दाराशी अकरा वर्षं

मी कोर्टातली फाईल. पाठीवर नंबर आहे, त्याच नंबराने मला हाक मारतात.

माझा जन्म एका वकिलाच्या टेबलावर झाला. समोर बसली होती सरकारी छापखान्यात पुस्तकं बांधणारी एक बाई. एकोणीस वर्षं कटिंग मशीनशेजारी उभं राहून तिचे कान गेले आणि कान गेले म्हणून साहेबांनी तिला घरी बसवलं. ‘कामास अपात्र’ असं त्या पत्रात होतं. ते माझं पहिलं पान.

सोबत धाकटी बहीण होती. वकील बोलायचे, बहीण वहीत लिहायची, ताई वाचायची.

“हात तर शाबूत आहेत माझे,” ताई जरा मोठ्यानेच म्हणाली. “पुस्तक काय कानाने बांधतात?”

कारकुनाने मला भोकं पाडून दोरीत ओवलं. ताईला ते बघवेना. तिने सगळं सोडलं, कागद ठोकून सारखे केले आणि पुन्हा बांधलं. इतकं नीट मला नंतर कुणीच धरलं नाही.

मग तारखा सुरू झाल्या. न्यायाधीश बदलले, सरकारी वकील आजारी पडले, बरे झाले, त्यांनी मुदत मागितली. ताई वाळत चालली, मी मात्र बाळसं धरत होते. मधली दोन वर्षं मी चुकून भलत्याच कपाटात पडून होते. कसर लागली. त्या दोन वर्षांतही दोघी बहिणी प्रत्येक तारखेला येऊन बाकावर बसत होत्या, हे मला नंतर माझ्यात जोडलेल्या नोंदींवरून कळलं.

अकराव्या वर्षी निकाल लागला.

न्यायाधीशांनी वाचलं, “अर्जदारावर अन्याय झाला आहे, याबद्दल शंका नाही.” बहिणीने भराभर लिहिलं. ताईने वाचलं आणि तिचं मनगट घट्ट धरलं.

“परंतु,” न्यायाधीश पुढे म्हणाले, “राज्याच्या कायद्यानुसार हा वाद कामगार न्यायालयात न्यायला हवा होता. इथे तो ऐकण्याचा अधिकार नाही. अर्ज फेटाळला.”

बहिणीचं पेन थांबलं.

“लिही ना,” ताई म्हणाली. “पुढे काय म्हणाले?”

बाहेर व्हरांड्यात बहिणीने वकिलांना गाठलं. “मग आता तिकडे जाऊ.”

“तिकडची मुदत तीन वर्षांची होती. केव्हाच संपली.”

“हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं?”

वकिलांनी चष्मा काढून पुसला. “वर अपील करता येईल.”

“ताई पुढच्या वर्षी अठ्ठावन्नची होईल, वकीलसाहेब. निवृत्तीचं वय.”

ताई आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तिने बहिणीच्या हातातून वही काढून घेतली, त्या एका ओळीखालचं कोरं पान पाहिलं आणि मिटून पिशवीत ठेवली. काही न विचारता ती जिना उतरू लागली.

आता मी तळघरात आहे. अंगावर ‘निकाली’ असा शिक्का आहे. काही वर्षांनी मला फाडून टाकतील, तसा नियमच आहे. त्याआधी कुणाच्या हाती लागलेच, तर माझं तीनशे बारावं पान तेवढं वाचा. अन्याय झाला, असं तिथे स्वच्छ अक्षरात लिहिलेलं आहे. एवढं लिहून माणूस पुढच्या ओळीवर कसा जातो, ते मला अजून कळलेलं नाही.